हातभर वात

साइफिनने शिट्टीची दोरी दातांत धरली, उजव्या हाताने गळ्यात टाकली आणि शिट्टी सगळ्यांना दिसेल अशी झंपरावर नीट ठेवली. समोर जेवायला बसलेल्या बुनमाच्या हातातला चिकट भाताचा गोळा चटणीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"हे काय?"

"शिट्टी."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"बाणांच्या मैदानावर यंदा राखणदार नेमायचा असा वरून हुकूम आलाय, दादा. पूयाईंनी माझं नाव सुचवलं. मी हो म्हणाले."

पूयाई म्हणजे गावचा मुखिया. बुनमा त्याच्याबरोबर शाळेत होता आणि गणितात त्याचं बघून लिहीत होता. आज पहिल्यांदाच त्या माणसाच्या अकलेबद्दल त्याला शंका आली.

"मैदानात नक्की कुठे उभी राहणार तू?"

"दोराच्या आत."

"आणि बाकीचे?"

"दोराच्या बाहेर. त्यासाठीच तर दोर."

"म्हणजे दोराच्या आत एकटी तूच."

"मी आणि पेटवणारा."

बुनमाने गोळा खाली ठेवला. दर उन्हाळ्यात पाऊस मागायला गाव आभाळात दारूचे बाण सोडायचं. बावीस वर्षांपूर्वी, साइफिन सोळा वर्षांची असताना, बुनमाने स्वतः ठासलेला बाण उडवायच्या घोडीवरच फुटला होता. साइफिनचा डावा हात कोपराखालून गेला, डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, आणि मानेपासून खांद्यापर्यंतची कातडी आवळून राहिली ती राहिलीच. त्या दिवसापासून बुनमाने बाणाच्या दारूला हात लावला नाही, आणि साइफिनला कशालाच हात लावू दिला नाही. तिच्या हातात सुरी दिसली की तो काढून घेई. विहिरीवर ती गेली की हा मागे. स्कूटर ती शिकली ती त्याच्या नकळत, देवळामागच्या मोकळ्या जागेत, त्याच्याच बायकोला मागे बसवून. कळल्यावर महिनाभर तो मोटारसायकल घेऊन तिच्या मागून जात होता. लोक विचारायचे, बुनमा, रोज कुणाची वरात असते?

"आई, ऐकतेस ना?" तो म्हणाला.

लामदुआन खांबाला टेकून विडा लावत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची होती, पण घरात कोण काय कुजबुजलं ते तिला आधी कळायचं. "ऐकतेय. नको म्हण तिला. एक हात नशिबाने नेलाच आहे, आता काय पाय द्यायचेत?"

"शिट्टी वाजवून कुणाचे पाय गेलेले मी ऐकले नाहीत," चुलीपाशी बसलेली विलाई म्हणाली. ती बुनमाची बायको. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि नणंदेच्या बाबतीत नवऱ्याची बाजू तिने एकदाही घेतली नव्हती.

बुनमा तिला काहीतरी बोलणार, इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि वीरा वर आला. अंगात विलाईचा जुना फुलाफुलांचा सारोंग, छातीला दोन करवंट्या, ओठ लालभडक. मिरवणुकीत पुरुषांनी बायकांचा वेश करण्याची रीत जुनीच होती, पण वीराएवढ्या मनापासून ती कुणी पाळत नसे.

"अरे, निदान आईसमोर तरी," बुनमा म्हणाला.

"आईनेच तर ओठ रंगवून दिलेत."

"सरळ बस, फिसकटेल," लामदुआन म्हणाली.

वीरा मधला भाऊ. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवायचा आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. आला की घर हसायचं. पण आई त्याच्याकडे बघून एकदा तरी उसासा टाकायचीच, आणि का ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बाणाचा बांबू तळ्याकाठून तोडून आणला होता वीराने. चिरलेला बांबू आणला म्हणून बाण फुटला, हे या घरात बावीस वर्षांपूर्वी ठरून गेलं होतं. पुन्हा कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

वीराने बसल्या बसल्या भावाच्या ताटातला भात उचलला. "चला, लवकर आटपा. आज घराचं नाव राखायचंय. बावीस वर्षांनी आपला बाण उडणार."

वीराने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "अजून सांगितलं नाहीत याला?"

"काय सांगितलं नाही?" बुनमाने विचारलं.

बाण तोईने केला होता. तोई म्हणजे बुनमा आणि विलाईचा एकुलता मुलगा, तेवीस वर्षांचा, तालुक्याला पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला. महिनाभर तो आणि त्याचे चार मित्र देवळाच्या पडवीत दारू कुटत होते. आजीने बाणाच्या झालरीला स्वतःचा रेशमी शेला फाडून दिला होता. आईने डबे पोचवले होते. काकाने बँकॉकहून निळा प्लास्टिकचा पाइप टॅक्सीच्या टपावर बांधून आणला होता. घरात ही गोष्ट ठाऊक नव्हती ती फक्त दोघांना, बुनमाला आणि साइफिनला.

"माझ्या घरात दारू," बुनमा उठून उभा राहिला.

"घरात नाही, देवळात," वीरा म्हणाला. "भिक्खूंच्या देखत. घरात आहे ती दुसरी दारू. ती तू पण पितोस."

"आई, तुलाही ठाऊक होतं?"

"पोराचा पणजोबा बाण करायचा, आजोबा करायचा," लामदुआन म्हणाली. "तू एक मध्येच थांबलास. वंशाची विद्या पाण्यात टाकायची होय?"

"आत्ता तर तू साइफिनला नको म्हणालीस."

"तिला नको म्हणाले. तोईला कुठे म्हणाले? त्याला दोन हात आहेत."

वीरा छताकडे बघू लागला. विलाईने पळी चुलीपाशी आपटली. पण साइफिनच हसली. "बरोबर आहे आईचं. त्याच्याकडे एक शिल्लक आहे." मग तिने वीराकडे मान वळवली, नेहमीसारखा उजवा कान पुढे करून. "कितवा नंबर आहे त्याचा?"

"नववा."

"मग नवव्या नंबरला बघीन. बाकीच्यांचा बघते तसाच."

"तू कुठे जायचं नाहीस," बुनमा म्हणाला. "तोईही नाही. मी आत्ता जातो देवळात आणि..."

"दादा," साइफिन म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी तो थांबला. "रोइएतचा मास्तर मला मागणी घालायला आला होता, आठवतं? तू त्याला म्हणालास, हिला सारोंग कोण नेसवणार? मी पडद्यामागे होते. सारोंग नेसूनच उभी होते."

मास्तर भला माणूस होता. त्याला नको म्हणून आपण तिला वाचवलं असं बुनमाला इतकी वर्षं वाटत होतं. कशापासून वाचवलं, हा प्रश्न आत्ता पहिल्यांदा पडला.

"परवा पूयाई आले तेव्हा तू शेतावर होतास," साइफिन म्हणाली. "म्हणून माझं उत्तर मला देता आलं."

ती जिना उतरली. खाली स्कूटर सुरू झाली. बुनमाने सवयीने मोटारसायकलची किल्ली शोधायला खिशात हात घातला. किल्ली विलाईकडे होती, आणि ती द्यायला तिला अजिबात घाई नव्हती.

*

दहाच्या सुमाराला मैदान भरलं. चार गावांचे बाण झालरी लावून, फुलांनी मढवून, खांद्यांवरून नाचत नाचत आले. करवंट्यावाल्या बायांमध्ये वीरा सगळ्यांत पुढे होता. एका पोलिसाला त्याने इतका घोळात घेतला, की त्या बिचाऱ्याने टोपी काढून तोंड झाकलं. पोटात एक दारू, बाणात दुसरी, अशी सगळी गंमत चालली होती, आणि लाउडस्पीकरवर म्हातारा लुंग खाम प्रत्येक बाणावर चावट कवनं रचत होता.

मैदानाच्या टोकाला बांबूची उंच घोडी उभी होती, आभाळाकडे कललेली. बाण तिच्या अंगाला बांधायचा, शिडीने चढून वात पेटवायची आणि उतरून पळायचं. घोडीपासून पन्नास पावलांवर पिवळा दोर होता. दोराच्या आत डोक्याला गमछा बांधून, हातात लाल निशाण घेऊन साइफिन उभी होती.

तिची पहिली शिट्टी वाजली ती बुनमावरच. तो छत्री घेऊन तिच्याकडे निघाला होता.

"मागे हो, दादा."

"ऊन लागेल तुला. छत्री तर धरू दे."

"दोराच्या बाहेर जाऊन धर."

लुंग खामने माइकवरून लगेच ते उचललं. "नोंगसाईकरांनो, पाहिलंत? राखणदारीणबाईंनी पहिला गुन्हेगार पकडला. घरातलाच निघाला." सगळं मैदान हसलं. बुनमा दोराबाहेर आला आणि मिटलेल्या छत्रीवर रेलून उभा राहिला. उघडावी असं त्याला सुचलंच नाही.

मात्र तिथून तो तिला पाहत राहिला, आणि जे दिसलं ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. बाण आला की ती पाइपावरून तळवा फिरवायची, कुठे भेग आहे का बघायची. मग बाण घोडीला बांधून झाला की वातीशेजारी आपला हात लावून मापायची, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एक हात भरली तर हिरवी फीत बांधायची. तिसऱ्या नंबरच्या पैलवानासारख्या गड्याला तिने दोनदा शिडीवरून उतरवलं, कारण त्याच्या तोंडाला बिअरचा वास येत होता. गडी कुरकुरला, पण उतरला. पाचव्याच्या वेळी शेजारगावची पन्नास माणसं दोराच्या आत घुसली होती. ते लोक बाहेर जाईपर्यंत साइफिन घोडीकडे पाठ करून नुसती उभी राहिली. ओरडली नाही. लोकच एकमेकांना मागे ओढू लागले.

"बरी करतेय की," लामदुआन म्हणाली. तिने घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची दोराला चिकटून मांडली होती.

"सकाळी तर नको म्हणत होतीस."

"सकाळी पाहिलं कुठे होतं?"

आठवा बाण शेपूट हलवत ढगांत गेला. मग नववा आला.

तोई आणि त्याचे मित्र बाण खांद्यावर घेऊन आले, झालरीला आजीचा हिरवा शेला झळकत होता. बापाला पाहून तोईने मान खाली घातली. बुनमा त्याला फटकावण्याचं ठरवूनच दोराखालून आत गेला. स्पर्धकांच्या घरच्यांना घोडीवर बांधणं होईपर्यंत आत यायची मुभा होती. पण जवळ गेल्यावर त्याचा हात पोराच्या कानाकडे न जाता पाइपाकडे गेला. त्याने बोटाच्या पेराने तीन जागी वाजवून पाहिलं. आवाज सगळीकडे सारखा, भरीव, कुठेही पोकळ नाही. बावीस वर्षांत त्या आवाजाला तो पारखा झाला होता, पण कान तो विसरले नव्हते.

"दारू कुणी ठासली?"

"मीच," तोई म्हणाला.

"कुणी शिकवलं?"

"आजीने. तिला सगळं आठवतं. आजोबा किती ठोके मारायचे तेसुद्धा."

बुनमाने दोराबाहेरच्या खुर्चीकडे पाहिलं. लामदुआन दुसरीकडे बघत होती.

"चांगला झालाय," तो म्हणाला. हे शब्द तोंडून गेले आणि त्याचा त्यालाच धक्का बसला. तोईचा चेहरा असा उजळला की आता मागे घेणंही शक्य नव्हतं.

बाण घोडीला बांधून झाला. पोरगा पेटवायची काडी घेऊन शिडीकडे वळला, तेव्हा बुनमा त्याच्या आड आला. त्याने काडी हिसकावून घेतली. "मी चढतो. तू दोराच्या बाहेर जा."

"बाबा, बाण माझा आहे."

"बाण तुझा, आणि तू माझा. जा म्हणतो ना."

एकोणपन्नास वर्षांचा बुनमा शिडी चढू लागला. लोकांनी आरोळी दिली. लुंग खाम माइकवर नाचला. "बुनमा परत आला हो. म्हातारा वाघ झाडावर चढला." आणि बुनमाला, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. वरून चारही गावांची शेतं दिसत होती, नांगरून पडलेली. शेवटच्या पायरीवर त्याने पाय रोवला.

"दादा, खाली ये."

साइफिन घोडीखाली उभी होती. पलीकडच्या बाजूने घोडीच्या खालच्या बांबूवर चढून, लोंबणाऱ्या वातीला तिने नुकताच आपला हात लावून पाहिला होता.

"काय झालं?"

"वात आखूड आहे. चार बोटं."

तोई दोराकडे जाता जाता धावत परत आला. "सकाळी दव पडून टोक भिजलं होतं, आत्या. तेवढंच कापलं. चार बोटांनी काय होतंय?"

"दुसरी आहे?"

"दुसरी घालायची तर बाण उतरवून मागचं बूच काढावं लागेल. एवढा वेळ कुठे आहे? पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली नऊ गेली."

"मग नाही उडणार."

एवढ्यात वीरा येऊन पोचला, करवंट्या सावरत. "साइफिन, अगं घरचा बाण आहे. पोरं महिनाभर राबलीत."

"सातव्या नंबरची पोरंही राबली होती. त्यांचीही वात मी मापली."

पूयाईही आला. त्याने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग लोकांकडे. "म्हणजे, नियम नियमच आहे. पण चार बोटं म्हणजे... बुनमा काय नवखा नाही. बघ बाई, तुला काय वाटतं ते."

"वाटायचं काय त्यात? मापलंय."

दोरापलीकडून लामदुआनचा आवाज आला. "घरच्यांनाच आडवी येतेस होय गं? माझा शेला आहे त्याला लावलेला." मागून कुणीतरी ओरडलं, उडवा, उडवा. दहा-वीस जणांनी ते उचललं. लाल निशाण हातात घेऊन साइफिन मध्ये उभी होती. एका बाजूने भाचा, दुसरीकडून भाऊ, समोर गावचा मुखिया आणि मागे आई. तिने पुन्हा वर पाहिलं.

"दादा, वात आखूड आहे. खाली ये."

बुनमाने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याला उंचीची भीती वाटत नव्हती. हे वाक्य त्याने आधी ऐकलं होतं, अगदी असंच, घोडीखालून, याच आवाजात. फक्त आवाज तेव्हा सोळा वर्षांचा होता.

तो एकेक पायरी उतरला.

"का उतरलास?" वीराने विचारलं. "तू तरी तिला सांगायचंस."

लुंग खाम माइकची तार ओढत दोर ओलांडून घोडीपर्यंत आला होता. त्याला गंमतच हवी होती. "होय हो, वाघ झाडावरून का उतरला? मैदानाला कळू दे." त्याने माइक पुढे केला.

बुनमाने तो घेतला. माइक हातात धरायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे पहिला शब्द फारच मोठ्याने निघाला.

"ती सांगते म्हणून उतरलो." मग त्याने माइक थोडा लांब धरला. "मागच्या वेळी उतरलो नव्हतो. त्या दिवशीही हिने सांगितलं होतं, दादा, वात आखूड आहे. मी म्हणालो, तू गप्प बस आणि मशाल वर दे. तिने दिली. मी पेटवली आणि उडी मारली. ती खालीच होती."

"बांबू चिरलेला असेल, नसेल. मला माहीत नाही. वात हातभर असती तर फुटेपर्यंत आम्ही दोघंही लांब असतो. वीराच्या बांबूचा त्यात काही दोष नव्हता. मी कधी बोललो नाही. हिनेही नाही."

त्याने माइक परत दिला. लुंग खामला आयुष्यात पहिल्यांदा कवन सुचलं नाही.

वीराच्या ओठांवरचा रंग गालापर्यंत फिसकटला होता. त्याने छातीवरच्या करवंट्या काढल्या, एकात एक घातल्या आणि हातात धरून तो उभा राहिला. लामदुआन खुर्चीतून उठली. "बावीस वर्षं मी त्या बांबूला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "बांबूला आणि या पोराला." ती वीराकडे बघत होती, पण दोर ओलांडायचा की नाही हे तिला ठरवता येईना. एकदा पाय उचलून तिने मागे घेतला.

साइफिनने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"वेळ संपली," ती म्हणाली. "नऊ नंबर बाद."

आणि शिट्टी वाजवली.

*

बाण उडाला नाही, तर तो करणाऱ्यांना चिखलात टाकायचं हा कायदा हुकमाने आलेला नव्हता. तो बाणांइतकाच जुना होता, आणि त्याला दुरुस्ती कुणी सुचवली नव्हती. मैदानाच्या कडेला शेतात पाणी सोडून गुडघाभर राबडी तयारच ठेवलेली असे. तोईला मित्रांसह आधी नेलं. तो रागाने लाल झाला होता, कुणाशी बोलत नव्हता. पण चिखलात तोंडावर पडून उठल्यावर राग टिकवणं फार अवघड असतं. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तो हसत होता.

"याला पण," विलाई म्हणाली आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. "शिडीवर हाच चढला होता."

पाय धरायला पुढे आला तो वीरा. बुनमाने हात झटकले नाहीत. दोन हेलकावे देऊन चौघांनी त्याला सोडलं आणि तो पाठीवर पडला. डोळे पुसून पाहतो तर वीराही सारोंग खोचून आत उतरला होता.

"वीरा," बुनमा म्हणाला. "तू त्या बांबूमुळे गेलास का रे बँकॉकला?"

"गेलो कारण मला भातशेतीचा कंटाळा होता." वीरा त्याच्या शेजारी फतकल मारून बसला. "पण आईचा प्रत्येक फोन त्या बांबूवर येऊन थांबायचा. दर वेळी मनात यायचं, खरंच होती का चीर? मी तर चांगला ठोकून घेतला होता. मग वाटायचं, नीट बघितलं नसेल." त्याने ओंजळभर चिखल उचलला. "हे काय एका भाषणात फिटणार नाही, बुनमा."

"ठाऊक आहे."

"बरीच वर्षं लागतील."

"लागू देत."

"आत्ता सुरुवात करतो," म्हणून वीराने भावाचं डोकं दोन्ही हातांनी धरून चिखलात दाबलं आणि मनाजोगतं घुसळून मगच सोडलं.

लामदुआन खुर्ची उचलून बांधावर येऊन बसली होती. वीरा बाहेर आला तेव्हा तिने त्याला जवळ बोलावलं आणि पदराने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसू लागली. चिखल गेला, रंग गेला, तरी ती पुसतच राहिली. "आई, कातडी माझी आहे," वीरा म्हणाला, पण हलला नाही.

अजून अकरा बाण बाकी होते. साइफिन जागची हलली नाही. एकेक बाण मापला, एकेक हिरवी फीत बांधली, आणखी एक बाद केला. शेवटचा बाण वर जाऊन दिसेनासा झाला, तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. तिने निशाण गुंडाळून पूयाईंच्या हाती दिलं, शिट्टी विलाईच्या गळ्यात टाकली आणि चिखलाकडे आली. बुनमा अजून तिथेच बसला होता. सगळे धुवायला तळ्यावर गेले होते, पण त्याला उठावंसं वाटत नव्हतं.

ती बांधावर टेकली. तो तिच्या उजव्या बाजूला सरकला, तिला ऐकू येईल असा.

"तू कधीच का सांगितलं नाहीस?"

"आधी मला वाटलं, तू सांगशील," साइफिन म्हणाली. "मग तू सांगेनास, तेव्हा राग आला. खूप वर्षं होता. तू सुरी काढून घ्यायचास ना हातातून, तेव्हा वाटायचं, आता बोलावं. सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग राग पण जुना झाला. जुन्या वस्तू आपण टाकत नाही, नुसत्या माळ्यावर ठेवतो, तसं झालं." तिने डोक्याचा गमछा सोडला. "आज तू उतरलास ना शिडीवरून. मला वाटलं होतं, नाही उतरणार."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"मास्तराचं मात्र मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

"त्याचं लग्न झालं. तीन मुलं आहेत."

"मग?"

"मग काही नाही. मुलं त्याच्यासारखी दिसतात, एवढंच. बरंच झालं म्हणायचं." ती हसली आणि चपला काढू लागली.

"काय करतेस?"

"आमच्या घरचा बाण बाद झालाय. मी काय वेगळ्या घरची आहे?"

तिने सारोंग गुडघ्यापर्यंत वर खोचला, एका हातानेच, सराईतपणे, आणि बांधावर उभी राहिली. बांध निसरडा होता. बुनमाच्या तोंडात 'हळू' आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले होते. त्याने ते चिखलात खाली घातले, मनगटापर्यंत, आणि तिथेच ठेवले.

साइफिनने उडी मारली. पाय घसरला, ती सपशेल आडवी झाली, आणि कानानाकात चिखल भरून वर आली ती हसतच. उठायला गेली, पुन्हा घसरली. मग एका कोपरावर भार देऊन, गुडघा रोवून, हळूहळू, आपली आपण उभी राहिली.

बुनमा बसल्या जागेवरून बघत होता.